हे कलम आपल्याला लागू आहे का?

"बाबा, नॉटविथस्टँडिंग म्हणजे काय?"

तारीख ४ नोव्हेंबर २०२२, वार शुक्रवार. टोरांटोतल्या आमच्या घरी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसलो होतो. ऑफिसची मीटिंग सुरू व्हायला पाचेक मिनिटं होती. शाळा बंद असल्यामुळे लेक समोर बसून पोहे खात होती. तेव्हा ती पाचवीत होती.

"तरीसुद्धा," मी म्हटलं. "म्हणजे असं असलं तरीसुद्धा."

"मग सरकार म्हणतंय का, की चार्टर असला तरीसुद्धा?"

मी मीटिंगला दहा मिनिटं उशिरा गेलो.

ज्यांना तो प्रसंग आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑन्टॅरिओतल्या शाळांमधले सफाई कर्मचारी, मदतनीस, ग्रंथालयातले आणि कार्यालयातले लोक असे जवळजवळ ५५ हजार कर्मचारी पगारवाढीसाठी संपावर जाणार होते. प्रांतिक सरकारनं आदल्याच दिवशी 'बिल २८' नावाचा कायदा मंजूर केला. संपावर बंदी, करार सरकार ठरवेल तो, आणि तरी कुणी संपावर गेलंच तर माणशी दिवसाला ४ हजार डॉलरपर्यंत दंड. कॅनडात संपाचा हक्क घटनेनं संरक्षित आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली म्हटलेलं होतं. त्यामुळे हा कायदा कोर्टात टिकणार नाही हे सरकारलाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कायद्यातच घटनेच्या कलम ३३ चा आधार घेतला. हेच ते 'नॉटविथस्टँडिंग क्लॉज'. चार्टरमधल्या काही हक्कांच्या विरुद्ध जाणारा कायदासुद्धा संसद किंवा प्रांतिक विधिमंडळ या कलमाच्या जोरावर पाच वर्षांपर्यंत चालवू शकतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत याला ओव्हरराइड म्हणतात. ते वापरलं की कोड रिव्ह्यूमध्ये लोक भुवया उंचावतात.

कर्मचारी तरीसुद्धा बाहेर पडले. (लेकीला हे 'तरीसुद्धा' फारच आवडलं.) शुक्रवारी शाळा बंद, सोमवारीही बंद. सोमवारीच प्रीमियरनी कायदा मागे घेतो म्हणून सांगितलं आणि आठवड्याभरात तो रद्दही झाला. मंगळवारी पोरं शाळेत परतली, तेव्हा त्यांच्या शिक्षिकेला पुढचे पंधरा दिवस वेगळं उदाहरण शोधायची गरज उरली नव्हती.

इथे पाचवीच्या सोशल स्टडीजमध्ये सरकार आणि जबाबदार नागरिकत्व हा अर्ध्या वर्षाचा विषय असतो. पुढे दहावीत सिव्हिक्स सक्तीचं, तेही अर्ध्या क्रेडिटचं. तेव्हा आपल्याकडच्यासारखंच इथेही नागरिकशास्त्र हे अर्धं तिकीटच, याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. रोज सकाळी राष्ट्रगीत होतं, ही जमीन मूळची कुठल्या आदिवासी समाजांची हे घोषणेत सांगितलं जातं, आणि आमच्या लेकीच्या म्हणण्याप्रमाणे निम्मी मुलं तेव्हा बुटाच्या लेस बांधत असतात. पाठांतर आणि कंटाळा दोन्ही देशांत सारखाच.

फरक मला जाणवला तो गृहपाठात. मी सातारा जिल्ह्यात शिकलो. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून जोडलेली थोडी पानं. मूलभूत हक्क किती? सहा. कोणते? धडाधड म्हणून दाखवायचे, मार्क घ्यायचे. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर उद्देशिका छापलेली असायची, तिच्याभोवतीच्या चौकटीत मी बॉलपेननं नक्षी काढलेली आठवते. हिच्या गृहपाठात मात्र एक खटला आला. २००१ साली क्वेबेकमध्ये गुरबाज सिंग मुलतानी नावाच्या बारा वर्षांच्या शीख मुलाचं कृपाण शाळेच्या पटांगणात खाली पडलं. कपड्यांच्या आत, शिवून, बंद करून ठेवायचं या अटीवर तोडगा निघत होता, पण शाळेच्या व्यवस्थापनानं तो फेटाळला, कारण शाळेत शस्त्र चालणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २ मार्च २००६ रोजी निकाल मुलाच्या बाजूनं लागला. सरसकट बंदी धर्मस्वातंत्र्याला बाधा आणते, आणि सुरक्षितता राखायचे याहून सौम्य उपाय आहेत, असा त्याचा मथितार्थ.

शिक्षिकेनं निकाल सांगायच्या आधी वर्गाचे दोन गट केले. लेकीच्या वाट्याला आली शाळेची बाजू. ती घरी येऊन हिरमुसली. "मला त्याची बाजू घ्यायची होती." पण दोन दिवस बसून तिनं शाळेची बाजू मांडायला मुद्दे काढले. इतर मुलांची सुरक्षितता, सगळ्यांना एकच नियम, आणि चार्टरचं पहिलंच कलम, जे सांगतं की हक्कांवर वाजवी मर्यादा घालता येतात. मला माझ्या दहावीतल्या कुठल्याही निबंधात दुसऱ्याची बाजू मांडल्याचं आठवत नाही. आम्ही फक्त फायदे आणि तोटे लिहायचो, तेही गाइडमधून.

याचे घरगुती दुष्परिणामही झाले. एका संध्याकाळी मी तिचं दप्तर उघडून डबा शोधत होतो, तर मागून आवाज, "सेक्शन एट, बाबा. अनरीझनेबल सर्च." मी रात्री बसून चार्टर काढला आणि कलम ३२ दाखवलं. हे सगळं सरकारला लागू आहे, आईबापांना नाही. इंजिनिअर माणसानं आधी स्कोप वाचावा. मी जिंकलो, पण डबा दोन दिवसांनी सापडला. आत काय होतं ते विचारू नका.

चार्टर मी पहिल्यांदा नीट वाचला तो त्या रात्री. नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मीही ती पुस्तिका घोकली होती. २० प्रश्न, १५ बरोबर आले की पास. मला २० पैकी २० मिळाले होते आणि कलम ३३ माहीत नव्हतं.

आता अण्णांबद्दल सांगतो. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाले तरी गावात अजून गुरुजीच. लेक दर रविवारी सकाळी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलते, त्यांच्याकडे तेव्हा दिवेलागण झालेली असते. संपानंतरच्या रविवारी ती म्हणाली, "आजोबा, तुमची कॉन्स्टिट्यूशन कशी आहे?" जणू तब्येत विचारावी तसं.

अण्णा खुलले. "आम्ही घटना म्हणायचो. आता पुस्तकात संविधान म्हणतात."

"घटना म्हणजे इन्सिडेंट ना?"

"तेही. आणि हेही."

तिथून त्यांचा दोघांचा वर्गच सुरू झाला. माझ्या पुतण्याचं सातवीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक अण्णांनी मागून घेतलं, त्यात पहिला धडाच संविधानाची ओळख. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शाळांमध्ये परिपाठानंतर उद्देशिका वाचायची असा नियम झाला, त्यामुळे पुतण्याला ती तोंडपाठ. त्यानं एका श्वासात म्हणून दाखवली. लेकीनं विचारलं, "बंधुता म्हणजे फक्त भाऊ?" पुतण्या अडखळला. अण्णा म्हणाले, "बहिणीपण आल्या त्यात." ती म्हणाली, आमच्या चार्टरमध्ये हा शब्दच नाही. हे मी नंतर तपासलं. खरंच नाही.

अण्णांना सगळ्यात जास्त आनंद झाला तो एका गोष्टीचा. कॅनडाची मूळ घटना म्हणजे १८६७ चा ब्रिटिश संसदेचा कायदा. त्यात महत्त्वाचा बदल करायचा तर १९८२ पर्यंत लंडनलाच जावं लागे. १७ एप्रिल १९८२ ला ओटावात राणी एलिझाबेथनं सही केली आणि घटना घरी आली, सोबत चार्टरही आला. त्या दिवशी पाऊस होता, थेंबांनी दस्तऐवजावरची शाई फुटली. ते डाग आजही दिसतात. दुसऱ्या प्रतीवर पुढच्याच वर्षी एका विद्यार्थ्यानं निषेध म्हणून लाल रंग ओतला, तोही डाग तसाच ठेवलाय.

"ब्याऐंशी?" अण्णा म्हणाले. "म्हणजे आमची घटना लागू होऊन बत्तीस वर्षं झाल्यावर? आणि तोवर यांची लंडनच्या कपाटात?" ही बातमी दुसऱ्या दिवशी पारावर गेली असणार यात मला शंका नाही.

मी त्यांच्या आनंदात भर घातली. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत सगळ्या प्रौढांना मत होतं. इथल्या नोंदणीकृत आदिवासींना आपला दर्जा न सोडता देशाच्या निवडणुकीत मत देता यायला १९६० उजाडलं. अण्णा गप्प झाले. म्हणाले, "कागदावर आम्ही पुढे होतो खरे."

या 'कागदावर'चा अर्थ मला तेव्हा लागला नाही. तो लागला मार्चमध्ये.

८ मार्च २०२३ ला टोरांटो डिस्ट्रिक्ट स्कूल बोर्डानं एक ठराव मंजूर केला. शाळांमध्ये जातीवरून भेदभाव होतो हे मान्य करून, त्यासाठी काय चौकट असावी हे ठरवायला ऑन्टॅरिओच्या मानवी हक्क आयोगाची मदत मागायची. असं करणारं कॅनडातलं हे पहिलं शाळा मंडळ. मतं १६ विरुद्ध ५. आपल्या लोकांत यावरून किती धुरळा उडाला ते इथल्या वाचकांना सांगायला नको. त्या आठवड्यात आमच्याकडे पॉटलक होतं. पावभाजीच्या भांड्याभोवती तोच विषय. कुणी म्हणालं, इथे जन्मलेल्या पोरांना जात म्हणजे काय हे ठाऊकसुद्धा नाही, आता शाळाच शिकवणार. कुणी म्हणालं, याने आपल्या मुलांकडे बोट दाखवलं जाईल, आधीच ती इथे अल्पसंख्याक. हा मुद्दा मला आजही अगदीच फोल वाटत नाही. आडनावावरून वर्गात कुणी एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला जाब विचारला तर? मीही मान डोलावत म्हणालो, "इथे कुठली आलीय जात."

कोपऱ्यात एक नवीन जोडपं बसलं होतं, दोन महिन्यांपूर्वी आलेलं. त्यांनी या चर्चेत एक शब्द काढला नाही. आल्या आल्या आमच्यातल्या दोघा-तिघांनी त्यांना विचारलं होतं, आडनाव काय, मूळचे कुठले, कुठल्या आळीतले. मीही त्यातलाच एक. हे प्रश्न आपण इतक्या सवयीनं विचारतो की त्यातून काय चाचपतो ते आपल्यालाही कळत नाही. किंवा कळतं.

रात्री भांडी आवरताना लेकीनं विचारलं, "बाबा, आपली कुठली?"

"काय कुठली?"

"जात."

मी म्हटलं, "आपण नाही मानत." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. लेक म्हणाली, "ते नाही विचारलं मी."

रविवारी तिनं हाच प्रश्न अण्णांना विचारला, पण तिच्या शाळेतल्या पद्धतीनं. आधी विचारलं की याबद्दल तुमच्या घटनेत कलम आहे का. अण्णा म्हणाले, आहे, सतरावं. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, ती कुठल्याही रूपात पाळणं हा गुन्हा. पंधरावंही आहे, त्यात विहिरी, तलाव, पाणवठे सगळ्यांना खुले. मग महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगितली, १९२७ ची. बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला तर लोकांनी काय केलं, ते. तिला कळेना की तळ्यातलं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह का लागतो. तिच्या डोळ्यांसमोर लेक ऑन्टॅरिओ.

"मग ते कलम तुमच्या गावाला लागू होतं का?" तिनं विचारलं.

अण्णांनी चष्मा काढला. मला वाटलं नेटवर्क गेलं, चित्र थांबलं. पण ते थांबले होते.

"हाच प्रश्न मला एका पोरानं विचारला होता," ते म्हणाले. "मी नोकरीला नवीन होतो. शहात्तर साल असेल. दुसऱ्या तालुक्यातलं गाव. शाळेच्या व्हरांड्यात माठ होता. गावातली पोरं आपापल्या हातानं पाणी घ्यायची. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली चार पोरं यायची शाळेला. ती ओंजळ धरून उभी राहायची, आणि दुसरा कुणीतरी पोरगा ओगराळ्यानं वरून ओतायचा. मी आलो त्याच्या आधीपासून तसंच होतं. मी वर्गात सतरावं कलम शिकवलं. फळ्यावर लिहून दिलं. त्या चारातला एक उभा राहिला. म्हणाला, गुरुजी, हे कलम आपल्या माठाला लागू आहे का?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"खाली बस म्हणालो."

लेक काही बोलली नाही. मीही नाही.

"गावात खोली भाड्यानं घेतली होती मी," अण्णा म्हणाले. "सरपंचांच्याच वाड्यात. मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात जायचंच सोडून दिलं. दोन वर्षांनी शाळेत नळ आला. मग मी धरून चाललो की प्रश्न मिटला."

"तो मुलगा?"

"चौथी पास झाला आणि गेला. हुशार होता. नाव लक्षात आहे माझ्या." ते त्यांनी सांगितलं. इथे लिहीत नाही.

माझ्या बापानं पुढे तीस वर्षं नोकरी केली, आदर्श शिक्षक पुरस्काराची तसबीर आमच्या माजघरात आहे, आणि ही गोष्ट मी छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकली. तीही मी विचारली म्हणून नव्हे. कॅनडातल्या कुणा शिक्षिकेनं माझ्या पोरीला सवय लावली होती, की कुठलंही कलम वाचलं की ते कुणाला लागू आहे ते विचारायचं, म्हणून. ही सवय तिनं चार्टरवर शिकली आणि चालवली आमच्या घरावर. आपण उद्देशिका पाठ करून घेतो ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पुतण्याला बंधुता शब्द माहीत होता, हिला नव्हता. पण पाठांतरानंतर जो पोरगा उभा राहून विचारतो त्याला खाली बस म्हटलं, तर त्या पाठांतराचं काय करायचं?

इथलं सगळं आलबेल आहे असंही नाही. आदिवासी मुलांना घरातून तोडून निवासी शाळांत डांबणं याच देशात १९९० च्या दशकापर्यंत चालू होतं. म्हणून ३० सप्टेंबरला लेक नारिंगी शर्ट घालून शाळेत जाते. क्वेबेकनं २०१९ साली शिक्षकांना धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली, त्याच कलम ३३ च्या आडून. म्हणजे कोर्टानं शाळकरी मुलाला कृपाण ठेवू दिलं, पण पगडी बांधणाऱ्या माणसाला त्या प्रांताच्या सरकारी शाळेत नव्यानं शिक्षक होता येत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बर्टानं शिक्षकांचा संप मोडायला हेच कलम काढलं. लेक आता आठवीत आहे. ती बातमी तिनंच मला दाखवली, मी विचारायच्या आधी.

जातीच्या ठरावाचं पुढे असं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मानवी हक्क आयोगानं आपली भूमिका जाहीर केली, की जातीवरचा भेदभाव ऑन्टॅरिओच्या सध्याच्या कायद्यातच बसतो. वंश, कुळ, श्रद्धा, मूळ स्थान या आधारांवरच्या भेदभावाला बंदी आहेच, त्यांच्या बेरजेत जातही येते. आमच्या पॉटलकच्या ग्रुपवर ती बातमी कुणी टाकली नाही. मी टाकली. दोन अंगठे आले, एक जण ग्रुप सोडून गेला, आणि त्या नवीन जोडप्यातल्या वहिनींचा वेगळा मेसेज आला. त्यात फक्त दिवाळीला काय आणू एवढंच विचारलं होतं. मी चकली सांगितली. नवीन माणसाला मी आता आडनाव विचारत नाही. तोंडावर येतं, गिळतो.

लेकीला मी तिच्या प्रश्नाचं उत्तरही दिलं, सरळ. आपली जात ही, आणि गावात आपलं घर कुठे आहे, आणि माठातलं पाणी आपण आपल्या हातानं घेणाऱ्यांतले होतो. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजोबांना मी ते सांगायला लावलं, त्यांना वाईट वाटलं असेल का?" मला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी अण्णांनी नेहमीच्या वेळेला कॉल केला. पुस्तक समोर नव्हतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "माऊ, तुमच्या शाळेत पाणी प्यायची काय सोय आहे गं?"

"फाउंटन आहे ना आजोबा. जिमच्या बाहेर. बाटली धरली की आपोआप भरते."

"सगळे तिथेच?"

"सगळेच. टीचर पण. पण लंचला इतकी मोठी लाइन असते, आणि पाणी एवढं गार की दात दुखतात."

"गार का असेना," अण्णा म्हणाले, आणि मग पुतण्याला हाक मारून त्यांनी फोन त्याच्याकडे दिला.